भाच्याच्या टेबलापुढे उभी राहून बोलू काय?

पत्र असं आहे:

"मी डिचोलीची, वय ५२. प्राथमिक शाळेत मराठी शिकवते. माझ्या भावाचा मुलगा कला महाविद्यालयात शिकतो. पुढच्या महिन्यात पणजीत कॉमिकवाल्यांचं दोन दिवसांचं संमेलन आहे, तिथे त्यानं टेबल घेतलंय. स्वतःचं एक छोटं मराठी कॉमिक आणि चित्रांच्या प्रिंट विकायला ठेवणार आहे. मी येते म्हटलं तर म्हणाला, 'आत्ये, तुका थंय कांय कळचें ना.' हसत म्हणाला, पण लागलं. मला जायचंच आहे. तिथल्या मुलांचं काम नीट बघायचं आहे, नुसतं 'छान छान' म्हणून पुढे सरकायचं नाही. पण बोलायचं काय? प्रत्येकाकडून काहीतरी घ्यावंच लागतं का? भाच्याचं सगळंच विकत घेऊन टाकू का, म्हणजे त्याला बरं वाटेल? माझा भाऊ म्हणतो, रेघोट्या मारून पोट भरत नाही. त्यालाही ओढून नेऊ का? आणि हो, साडी नेसून गेले तर तिथे विचित्र दिसेन का? — डिचोलीची आत्या"

ताई,

साडीचं आधी उरकते. अशा संमेलनात पोरं पाठीला पंख लावून, केस निळे करून, पुठ्ठ्याची तलवार खांद्यावर टाकून हिंडत असतात. तुमच्या साडीकडे कुणी वळूनही बघणार नाही. फार तर एखादी मुलगी विचारेल, तुम्ही कुठलं पात्र झालात म्हणून. आवडत्या पात्राचा वेश करून येण्याला तिथे कॉस्प्ले म्हणतात. फोटो काढावासा वाटला तर विचारून काढा, आणि त्या तलवारीला कौतुकानंसुद्धा हात लावू नका. ती बहुधा आदल्या रात्री उशिरापर्यंत जागून चिकटवलेली असते.

आता भाच्याचं वाक्य. तुम्हाला कळणार नाही अशी त्याला भीती नाही, कळेल अशी आहे. अनोळखी माणसं शंभर आली तरी चालतात, घरचं एक आलं की हात कापायला लागतात. तुम्ही वर्गात शिकवताय आणि शेवटच्या बाकावर तुमचे वडील येऊन बसलेत, तर खडू सरळ चालला असता का? तेव्हा तो काही बोलला ते सोडून द्या आणि जा. फक्त आल्या आल्या थेट त्याच्या टेबलावर धडकू नका. लांबून हात करा आणि आधी बाकीची रांग बघून या.

अमेरिकेत सॅन दिएगोला १९७० मध्ये कॉमिकवेड्यांनी असं संमेलन सुरू केलं, आज तिथे लाखाच्या वर माणूस लोटतो. आपल्याकडे २०११ मध्ये दिल्ली हाटला पहिलं कॉमिक कॉन भरलं, मग इतर शहरांत पसरलं. त्या मोठ्या संमेलनांतली बरीच जागा आता सिनेमे, गेम आणि टी-शर्ट यांनी खाल्ली आहे. कॉमिक शोधायला कोपऱ्यात जावं लागतं. आपल्याकडचं लहान असतं, ते मला जास्त बरं वाटतं. तुम्हाला हवी ती टेबलांची एक रांग असते, तिला आर्टिस्ट अ‍ॅली म्हणतात. टेबलामागे ज्यानं काढलं तोच बसलेला असतो. पुस्तकाच्या दुकानात ही सोय नाही.

पहिल्या दिवशी सकाळी, दारं उघडल्याबरोबर जा. मुलं ताजी असतात, माल पूर्ण मांडलेला असतो, आणि कुणाशी पाच मिनिटं बोललात तर मागे रांग लागत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांचा आवाज बसलेला असतो.

"मला कॉमिकमधलं काही कळत नाही" असं तुम्ही थेट लिहिलेलं नाही, पण पत्रभर तेच आहे, आणि ते मला अजिबात पटत नाही. तुमच्या वयाच्या माणसानं लहानपणी इंद्रजालमधला वेताळ वाचलेला असतो, चांदोबातली चित्रं तासन् तास बघितलेली असतात, अमर चित्र कथा एकाची दहा जणांत फिरवलेली असते. चिंटू १९९१ पासून पेपरात यायला लागला तेव्हा तुम्ही कॉलेजात असाल. शि. द. फडणीसांचं चित्र बघून, त्यात एक अक्षर नसताना, तुम्ही हसला आहात. तो विनोद कळला म्हणजे चित्र वाचताच आलं. अमर चित्र कथेतल्या 'कृष्ण'ची चित्रं राम वाईरकरांची होती. टिंकलमधल्या सुप्पंडीला पहिला चेहरा दिला तोही त्यांनीच. दिलीप कदम, प्रताप मुळीक ही मंडळी त्याच काळातली. त्यांची चित्रं आपल्याला पाठ आहेत, नावं विचारली तर दहातले नऊ जण गप्प बसतील. चित्रकार दीनानाथ दलाल मडगावचे, हे तरी आपल्या किती शाळांत सांगतात? या संमेलनात निदान तेवढं करता येतं: आधी नाव विचारायचं, मग चित्र बघायचं.

जाण्याआधी डोळा थोडा तयार करायचा असेल तर पणजीतच सोय आहे. मिनेझिस ब्रागांझा इन्स्टिट्यूटच्या प्रवेशदालनात भिंतीवर पोर्तुगीज चित्रकार जॉर्ज कोलासोच्या रंगवलेल्या फरशा आहेत, १९३५ च्या. कामोंइश कवीच्या महाकाव्यातले प्रसंग एकामागून एक मांडलेत. आपण तिथून कामासाठी ये-जा करतो आणि मान वर करत नाही. एकदा उभं राहून बघा, एका प्रसंगातून दुसऱ्यात जाताना मधलं काय गाळलंय ते. सवड असेल तर पर्वरीला व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांच्या चित्रांची गॅलरी आहे. त्यांच्या एकाच चित्रात दीडशे माणसं असतील, पण एकाचंही नाक दुसऱ्याला दिलेलं नाही. आणि कधी कुडाळकडे जाणं झालंच तर वाटेवर पिंगुळी आहे. तिथले ठाकर चित्रकथी रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रं एकेक समोर धरून गोष्ट सांगत आले आहेत. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, आणि एका कथेच्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे पोथी. भाऊ जेव्हा म्हणेल की हे सगळं परदेशी खूळ आहे, तेव्हा पिंगुळी आपल्यापासून किती किलोमीटर आहे ते त्याला विचारा.

आता टेबलापाशी. कॉमिक हातात घ्यायच्या आधी "बघू का?" म्हणा, हात कोरडे ठेवा, आणि मधलं कुठलं तरी एक पान उघडा. मुखपृष्ठावर सगळेच जीव ओततात, खरं काम मधल्या पानात दिसतं. तिथे मी तीन गोष्टी बघते.

दोन चौकटींमधली रिकामी पट्टी. एका चौकटीत आईनं उचललेला हात, पुढच्यात मुलगा दाराबाहेर. चापट बसली की नाही हे चित्रकारानं काढलंच नाही, ते तुम्ही तुमच्या डोक्यात काढलंत. चांगला कॉमिकवाला हे काम वाचकावर नेमकं कुठे सोपवायचं ते जाणतो. कच्चा असेल तर सगळंच काढतो, आणि वर शब्दांतही सांगतो.

हात. चेहरा सरावानं जमतो, पण भाकरी थापणारे, बसचा दांडा धरलेले, पदर खोचणारे हात ज्याचे खरे दिसतात त्यानं माणसं बघितलीत असं समजा.

आणि अक्षरं. इथे तुम्ही त्या सभागृहातल्या बहुतेकांपेक्षा वरचढ आहात, ताई. देवनागरी संवादाच्या फुग्यात बसवणं हे वैतागाचं काम आहे. शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार. खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. दोन ओळी इंग्रजीसारख्या जवळ आणल्या की वरच्याचा उकार खालच्याच्या अनुस्वारावर आदळतो. मग फुगा मोठा करावा लागतो, फुगा मोठा झाला की चित्र झाकतं, चित्र वाचवायचं तर वाक्य कापावं लागतं. वाक्य कापून संवाद आणखी चांगला झालेलाही मी बघितलाय. कॉमिकला शोभतील असे मराठी टंक फार नाहीत, म्हणून काही मुलं अक्षरं हातानंच काढतात. "अक्षरं हाताची का रे?" एवढं विचारा आणि बघा चेहरा कसा खुलतो. हा प्रश्न त्यांना दिवसभरात दुसरं कुणी विचारणार नाही.

शिक्षिकेला एक पथ्य मात्र सांगते. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसतील, ढीगभर दिसतील. टेबलावर, गिऱ्हाइकासमोर, त्यातली एकही दाखवायची नाही. भाच्याच्या कॉमिकमध्ये तर मुळीच नाही. आठवड्यानं घरी चहा पिताना म्हणा, "पुढचा अंक छापायच्या आधी मला एकदा वाचायला दे." छापण्याआधी वाचून देणारं शुद्धलेखन जाणणारं माणूस फुकट मिळणं ही त्याच्यासाठी सगळ्या प्रिंट विकल्या जाण्याइतकी मोठी गोष्ट आहे.

बोलायचं काय, याचं उत्तर यातच आलं. एक नेमकी जागा दाखवायची. "या चौकटीत आजीला बोलायलाच दिलं नाहीस, ते आवडलं." एवढंही पुरतं. "छान" या शब्दावर त्या पोराला "थँक यू" याशिवाय काही म्हणता येत नाही, आणि मग दोघंही अवघडून उभे राहता. एखादी गोष्ट कळली नाही तर तसंही विचारा: "इथे हा का हसतोय ते लक्षात नाही आलं." खरा कलाकार यावर चिडत नाही, उलट सांगायला सरसावतो.

काही वाक्यं घरी ठेवून जा. "हे कंप्युटरनं केलं ना?" हे त्यातलं पहिलं. बरीच मुलं टॅबलेटवर पेनानं काढतात, पण रेघ हातानंच ओढावी लागते. यंत्राला वाक्य सांगून बनवलेली चित्रं ही वेगळी गोष्ट. शंका आली तर "कच्ची रेखाटनं आहेत का, बघायला आवडतील" म्हणा. ज्यानं काढलंय तो वही पुढे करेल. दुसरं, "माझ्या नातवाचं एक पटकन काढून दे ना." तिसरं, "आमच्या शाळेच्या भिंतीवर काढ, तुझं नाव होईल." नाव होऊन कागद-शाईचे पैसे सुटत नाहीत. आणि घासाघीस नको. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ती शोभते, तिथे दोन्हीकडून रंगते. इथे समोरचा पोरगा लाजून वीस रुपये कमी करेल आणि रात्री हिशेब करताना गप्प बसेल.

गर्दीत आणखी एक साधी रीत पाळा. तुम्ही बोलत असताना दुसरं गिऱ्हाईक आलं तर बाजूला सरा. तुमच्या गप्पांमुळे त्याची एक विक्री हुकली तर ते कौतुक महाग पडतं.

प्रत्येकाकडून घ्यावं लागतं का? नाही. बघून, दोन शब्द बोलून, त्यांचं कार्ड घेऊन पुढे गेलात तर कुणी वाईट मानत नाही. घरून एक रक्कम ठरवून निघा, सुटे पैसे ठेवा, कारण गर्दीत फोनचं नेटवर्क ऐन वेळी दगा देतं. घ्यायचंच तर मी आधी कॉमिकची पुस्तिका घेईन, मग प्रिंट, सगळ्यात शेवटी किचेन आणि स्टिकर. पुस्तिकेतल्या वीस पानांना जी मेहनत पडते ती एका स्टिकरला पडत नाही, आणि लोक मात्र स्टिकर पटकन उचलतात. बऱ्याच टेबलांवर जपानी मालिकांतल्या पात्रांची चित्रं दिसतील. त्यांना नाक मुरडू नका, टेबलाचं भाडं त्यातूनच निघतं. पण निघता निघता विचारा, "तुझं स्वतःचं पात्र कुठलं?" कधी कधी ते टेबलाखालच्या फाइलमध्ये असतं.

एखाद्याकडून खास चित्र करून घ्यायचं असेल, तुमच्या घराचं म्हणा किंवा डिचोलीच्या बाजाराचं, तर आकार, रंगीत की काळंपांढरं, कधी हवं हे तिथेच बोला आणि काही रक्कम आगाऊ द्या. ते पुढे शाळेच्या मासिकात छापायचा विचार असेल तर तोही आत्ताच सांगा. प्रिंट विकत घेतली म्हणजे ती छापायचा हक्क घेतला असं होत नाही. त्याच कारणानं कॉमिकच्या पानांचे फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकू नका. मुखपृष्ठाचा एक फोटो, कलाकाराच्या नावासह, विचारून टाका.

भाच्याचं सगळं विकत घेऊ नका. कृपा करून. तुम्ही सगळं उचललंत की दुपारी येणाऱ्या अनोळखी मुलीसाठी टेबल रिकामं, आणि तिनं घेतलेल्या एका प्रतीनं त्याला जे बळ मिळालं असतं ते तुमच्या वीस प्रतींनी मिळणार नाही. आत्याचं प्रेम त्याला माहीत आहे, त्याला तिथे वेगळंच काही तपासायचं आहे. एक प्रत घ्या, पूर्ण किंमत द्या, सही मागा. सही करताना तो तुमच्याकडे बघणार नाही, चालेल. पाठीवर हात ठेवून मित्रांसमोर "आमचो बाब" वगैरे करू नका. मदत करायचीच असेल तर पाण्याची बाटली आणि डबा न्या, आणि त्याला पंधरा मिनिटं जेवायला उठवून टेबलावर तुम्ही बसा. एकट्यानं टेबल सांभाळणाऱ्याला जेवायला उठता येत नाही, ही तिथली खरी अडचण.

भावाला ओढून नेऊ नका. ओढून नेलेला माणूस तिथे उभा राहून पहिला प्रश्न विचारेल, "दिवसात किती सुटतात?", आणि तो शेजारच्या टेबलालाही ऐकू जाईल. मारिओंचा पद्मविभूषणही त्याच्या तोंडावर फेकू नका. त्यानं भावाचं मत बदलणार नाही, आणि भाच्याच्या डोक्यावर मात्र एका मोठ्या नावाचं ओझं बसेल. सांगायचंच तर हे सांगा, की मारिओंनीही सुरुवातीला जाहिरातीच्या स्टुडिओत नोकरी केली होती. चित्र काढणारा उपाशी किंवा पद्मविजेता असे दोनच नसतात. मधे पाठ्यपुस्तकांची चित्रं करणारे आहेत, अ‍ॅनिमेशनच्या कंपनीत चौकटी आखणारे आहेत, दिवसा नोकरी आणि रात्री स्वतःचं कॉमिक करणारे तर भरपूर. गोव्यातूनच उदाहरण हवं तर अमृता पाटील आहेत. आपल्याच कला महाविद्यालयात शिकल्या, 'कारी' ही त्यांची चित्रकादंबरी २००८ मध्ये आली, पुढे महाभारतावरची आली. ओरिजित सेन नर्मदेवरच्या चित्रकादंबरीसाठी ओळखले जातात. त्यांनी गोवा विद्यापीठाच्या मुलांना घेऊन म्हापशाचा बाजार चित्रांतून मांडला. भावाला बाजारात रस असेल तर तिथून सुरुवात करा.

मी तुमच्या जागी असते तर पहिल्या दिवशी एकटी गेले असते आणि घरी येऊन कॉमिक भावाच्या पेपराशेजारी ठेवून दिलं असतं, काही न बोलता. मुलानं काढलेलं घर, अंगण, तुळस ओळखीची निघाली तर माणूस आपणहून पान उलटतो. दुसऱ्या दिवशी यावंसं वाटलं तर येईल. नाही आला तरी भांडू नका, भाच्याला त्या दिवशी टेबल सांभाळायचं असतं, घरचा तंटा नाही.

जे वाचलं त्याबद्दल आठ-दहा दिवसांनी त्या त्या कलाकाराला कार्डावरच्या पत्त्यावर दोन ओळी पाठवा. कुठल्या पानावर थांबलात तेवढंच. संमेलनाच्या गोंगाटात ऐकलेलं त्यांना आठवत नाही, लिहून आलेलं राहतं. शाळेत वाचनाच्या तासाला एखादं कॉमिक नेलंत आणि मुलं कुठे हसली ते कळवलंत, तर त्याहून उत्तम.

प्रिंटचं राहिलं. गोव्याच्या पावसाळ्यात कागदाला बुरशीचे तपकिरी ठिपके धरतात, म्हणून सुरळी करून कपाटावर टाकू नका. लॅमिनेशन तर अजिबात नको, कागद कायमचा प्लॅस्टिकमध्ये अडकतो. फ्रेमवाल्याला सांगा की काचेला चित्र टेकता कामा नये, मधे पुठ्ठ्याचा माउंट घाल. पावसाचा मार बसणाऱ्या भिंतीवर टांगू नका. फ्रेमचे पैसे बहुधा प्रिंटपेक्षा जास्त होतील, त्याची तयारी ठेवा. आणि तो "मॅडम, यापेक्षा देवाचा फोटो लावा" म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका.